ग्रीस, रोम आणि शेजारची खुर्ची

११ जानेवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. एक तारखेला सुरू करणार होतो, पण त्या दिवशी सगळं जग सुरू करतं आणि आठवड्यात सोडतं. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून नियम असा की खरं तेच लिहायचं.

दादरला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ‘प्राचीन ग्रीस आणि रोम’ असा कोर्स आहे. दर शनिवारी संध्याकाळी, एप्रिलपर्यंत. जाहिरात उर्मिलाने पाहिली, नावंही तिनेच दिली. बी.ए.ला तिचा इतिहास होता, पुढे शिकायचं राहून गेलं, त्याची हळहळ तिला अजून आहे. मी म्हटलं, बायकोची हौस, सोबत म्हणून जाऊ. पण पहिल्याच लेक्चरला कळलं की हा विषय मूळचा माझाच आहे. शिकवणाऱ्या क्षितिजा मॅडम आमच्या मुलीच्या, उर्वीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, लोकशाहीचा पहिला मोठा प्रयोग कुठे झाला. मी तत्काळ ‘रोम’ म्हणालो. अथेन्स निघालं. मॅडम म्हणाल्या, तुमचा उत्साह चांगला आहे. वर्गात दुसऱ्या कुणाला त्या असं म्हणाल्या नाहीत.

हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. उर्मिला जिन्यात दोनदा थांबली. चालायची सवय नाही, दुसरं काय.

संकल्प: ग्रीक मुळाक्षरं पंधरा दिवसांत पाठ. रोज तासभर वाचन. इंटरव्हलचा बटाटावडा बंद.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अल्फा ते डेल्टा पक्कं. उर्मिलाची सगळी मुळाक्षरं झालीसुद्धा, भाजी निवडता निवडता म्हणते. मी समजून-उमजून शिकतोय, त्याला वेळ लागणारच.

तिने तिळाची वडी अर्धी खाऊन ठेवून दिली. हल्ली जेवणही कमी झालंय, पाठ दुखते म्हणते. मी म्हटलं, डाएट चांगलं आहे, चालू ठेव.

१८ जानेवारी, शनिवार

खुर्च्यांचा प्रश्न. पंख्याखालच्या, कडेच्या दोन खुर्च्या सर्वांत उत्तम. उर्मिलाला वर यायला वेळ लागतो, म्हणून मी पुढे जाऊन एकीवर बसतो आणि दुसरीवर तिचा रुमाल टाकतो. पांढरा, कडेला निळी क्रोशाची वेल, तिने स्वतः विणलेली. गिरगावात आमच्या चार पिढ्या नाटकाला, व्याख्यानाला, गणपतीच्या पंगतीला रुमाल टाकूनच बसल्या. रुमाल म्हणजे माणूस. एवढं सगळ्यांना कळतं, फक्त वर्गातल्या लालबागच्या दौलतरावांना कळत नाही. गुडघे दुखतात, दोन्ही शनिवारी उशिरा आले आणि बसायचं मात्र पंख्याखालीच. हंय कोण येतला काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, येतंय. ते रुमालाकडे संशयाने बघत भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटी उर्मिला आली तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

आज ग्रीक नाटक. मॅडमनी सांगितलं की पुढे काय होणार ते प्रेक्षकांना आधीपासून माहीत असायचं, फक्त रंगमंचावरच्या त्या माणसाला माहीत नसायचं. सगळे त्याला आडून आडून सांगत असतात आणि तो ऐकतच नाही. मी हात वर करून म्हटलं, इतका बावळट माणूस प्रत्यक्षात असू शकत नाही, हा नाटककारांचा दोष आहे. वर्ग हसला. उर्मिलापण हसली, पण माझ्याकडे बघून.

वडा खाल्ला. एकच.

२५ जानेवारी, शनिवार

फील्ड व्हिजिट. फोर्टात टाउन हॉलचे खांब बघायला गेलो. ग्रीक धाटणीचे. मी दोन कॉलेजच्या मुलींना डोरिक आणि आयोनिक यांतला फरक समजावून सांगितला. मागाहून मॅडमनी वर्गाला तोच फरक उलटा सांगितला. तज्ज्ञांमध्ये मतभेद असतात.

उर्मिला पायऱ्या चढलीच नाही. खाली बसून राहिली. मॅडमही बराच वेळ तिच्यापाशी बसल्या होत्या, त्याही दमल्या असाव्यात. नंतर मला म्हणाल्या, उर्मिलाताईंचे प्रश्न फार चांगले असतात, त्यांना एकदा डॉक्टरांना दाखवा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

उर्वी मुलुंडहून आली. आल्या आल्या म्हणाली, आईचे डोळे पिवळे दिसतात. मी म्हटलं, आपल्या फणसवाडीतल्या या खोलीत उजेड कुठे येतो, जुन्या ट्यूबमुळे सगळंच पिवळं दिसतं. खाली जाऊन नवी ट्यूब आणली. स्टुलावर चढून स्वतः लावली, या वयात.

डोळे पिवळेच. उर्वी म्हणाली, उद्याच डॉक्टर. कावीळ असेल. काविळीवर माझ्या आजीकडे औषध होतं. काय होतं ते आठवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर रक्त, सोनोग्राफी, स्कॅन. आमच्या डॉक्टरांनी परळच्या हॉस्पिटलला पाठवलंय. परळ म्हटल्यावर शेजारच्या लतिकावहिनींचा चेहरा उतरला. लोकांना नावाचीच भीती. चेकअपला तिथे कोणीही जाऊ शकतं.

उर्मिला आज क्लासला आली नाही. मी तिच्या पर्समधून रुमाल घेऊन गेलो आणि नेहमीसारखा टाकला, कारण ऐन वेळी तिला बरं वाटलं आणि ती टॅक्सी करून आली तर काय? दौलतराव उभे. कोण येतला काय? येतंय, म्हटलं. वर्ग संपला तरी कोणी आलं नाही. ते जाताना त्या खुर्चीच्या पाठीवर दोन टिचक्या मारून गेले. उद्धट माणूस.

तिच्यासाठी नोट्स घेतल्या. स्पार्टा. तिथल्या लोकांना दुखलं तरी ओरडायची बंदी होती. हे तिला वाचून दाखवलं. म्हणाली, बिचारे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परळ. डॉक्टर तरुण, घाईत. फिल्म दिव्यासमोर धरून बोलत होते. मला वाटतं त्यांनी पेनाने दाखवलेला भाग फिल्म नीट न धुतल्यामुळे तसा दिसत असावा. तसं मी सुचवलं. आता फिल्म धूत नाहीत म्हणे.

बाहेर आल्यावर उर्वीने माझा हात धरला. उर्मिलाला बाकावर बसवून मला कोपऱ्यात नेलं. म्हणाली, “बाबा, तू ऐकलंस ना? स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि लिव्हरमध्ये पसरलाय. केमो दिली तरी काही महिने. आईला सगळं माहीत आहे, तिने स्वतः विचारून घेतलं. आता तू तिच्याशी बोल.”

मी विमा कंपनीत जन्मभर डेथ क्लेम्सला होतो. डॉक्टर काय लिहितात आणि खरं काय असतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. कित्येक लोक सहा महिन्यांच्या बोलीवर वीस वर्षं जगलेले आहेत. अर्थात त्यांच्या फायली माझ्याकडे येत नसत. माझ्याकडे दुसरेच यायचे.

आईशी बोल म्हणजे काय? मी रोजच बोलतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लेक्चर माझ्यासाठीच होतं. स्टोइक नावाचे तत्त्वज्ञ. जे आपल्या हातात नाही त्याने डगमगायचं नाही, मन शांत ठेवायचं. मी मुळातच स्टोइक आहे, फक्त आजवर शब्द माहीत नव्हता. उर्वी गुरुवारपासून रडतेय, लतिकावहिनी रडतायत, मी एकटा शांत. मॅडमना हे सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, स्टोइक लोक गोष्ट नाकारायचे नाहीत हं काका, ती आहे असं आधी मान्य करायचे. हा भाग मी नोट्समध्ये घेतला नाही. फार तपशील होतो.

रुमाल टाकला होता. घरी आल्यावर उर्मिलाने विचारलं, माझ्या खुर्चीवर कोण बसलं. मी म्हटलं, कोण बसेल, तुझी आहे. तिला बरं वाटलं असावं. तोंड भिंतीकडे करून झोपली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोठा निर्णय. ऑक्टोबरात अथेन्स आणि रोम. दोघांनी. काल क्लासमध्ये जाहीरही केलं. टाळ्यांची अपेक्षा होती, पण सगळे एकदम चूप झाले (दौलतराव अजून यायचे होते). हेवा वाटतो माणसाला.

पासपोर्ट काढून बघितले. तिचा संपलाय. फोटो काढायला खालच्या स्टुडिओत चल म्हटलं तर म्हणाली, या चेहऱ्याचा फोटो नको, घरात आहे तोच लावा. मी म्हटलं, पासपोर्टला जुना चालत नाही. ती म्हणाली, पासपोर्टचं नाही म्हणत मी.

विषय बदलला. मुळाक्षरं ओमिक्रॉनपर्यंत.

१ मार्च, शनिवार

शेवटच्या दिवशी, एकोणीस एप्रिलला, जाहीर कार्यक्रम. बाहेरचे लोक येणार, विद्यार्थ्यांपैकी काहींनी बोलायचं. मी नाव दिलं. विषय: ‘रोमन माणूस आणि मृत्यू’. मॅडम म्हणाल्या, काका, रोमन रस्ते घ्या ना. मी म्हटलं, रस्ते कोणीही घेईल. रोमन लोकांची अंत्ययात्रा, मेलेल्याच्या तोंडात ठेवायचं नाणं, सगळं माझं तयार आहे. शिवाय मी टोगा नेसून बोलणार. पांढरंशुभ्र न शिवलेलं कापड, खांद्यावरून घेतलेलं. उर्मिला पहिल्या रांगेत. तोपर्यंत केमोचे दोन डोस झालेले असतील, तिला हुशारी येईल.

५ मार्च, बुधवार

हिंदमाताला गेलो. दुकानात म्हटलं, पांढरं कोरं कापड पाहिजे, भरपूर, माणूस पूर्ण झाकला पाहिजे. गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला. आवाज खाली आणून विचारलं, काका, मयत कधी झाली? बाकीचं सामान पाहिजे असेल तर मागच्या गल्लीत सगळं एकत्र मिळतं. मी तापलो. म्हटलं, मयत कसली, हे रोमन लोकांचं आहे. तो हात जोडून म्हणाला, कोणत्या का समाजाचे असेनात.

घरी आणून पलंगावर उलगडलं. टोगा कसा नेसतात ते दाखवणार होतो. उर्मिलाने कापडावरून हात फिरवला. कालच्या केमोने थकली होती, तरी हसली.

“आधीच आणून ठेवलंत?” म्हणाली.

मी म्हटलं, टोगा आहे. आता तूही त्या दुकानदारासारखं बोलू नकोस. ती म्हणाली, बरं, टोगा. कपाटात वरच ठेवा, शोधायला नको.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. खाली वाडीत पोरांचा आरडाओरडा. उर्मिलाला काही पोटात ठरत नाही. आमच्याकडचा संबार मसाला घालून बोंबलाचं भुजणं मी स्वतः करायला घेतलं, तिच्या आवडीचं. तळाला लागलं. ती वासानेच उठून मोरीत गेली.

दुपारी मी ऑलिंपिकच्या नोट्स वाचत होतो. तिने वही माझ्या हातातून घेतली आणि उशाशी ठेवली.

म्हणाली, “अहो, एकदा तरी म्हणा की मी जाणार आहे. तुम्ही म्हटलंत की मला पुढचं बोलता येईल. खूप बोलायचंय मला. तुम्ही दारच उघडत नाही.”

मी विचारलं, कुठे जाणार आहेस?

तिने उशाशी हात नेला. थोड्या वेळाने वही परत दिली. मी भालाफेकीपासून पुढे वाचलं.

खरं तेच लिहायचं, असा नियम केला होता. तर खरं हे की मला घाम आला होता. पण मार्चमध्ये मुंबईत सगळ्यांनाच येतो.

१५ मार्च, शनिवार

दौलतरावांशी जाहीर भांडण. त्यांनी रुमाल उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीवर बसू लागले. मी ओरडलो. म्हटलं, ही जागा घेतलेली आहे, माणूस यायचाय, तुमच्याकडे गिरणगावात ही पद्धत नाही का? वर्ग थांबला. मॅडमनी खूण केल्यावर दौलतराव बाहेर गेले. त्याही पाठोपाठ गेल्या, दारात दोघं काहीतरी बोलले. परत आले तेव्हा ते वेगळेच दिसत होते. माझ्याजवळ वाकून म्हणाले, माका ठाऊक नव्हता. वहिनी बऱ्या आसत मां? मी म्हटलं, उत्तम आहेत, ऑक्टोबरात अथेन्सला चाललोय. ते म्हणाले, जावा, जावा. आणि गुडघे धरून भिंतीशी उभे राहिले. मागे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिथे पंखा नाही.

मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही.

२४ मार्च, सोमवार

उर्मिलाने दुसरा डोस घेणार नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणाले. इतक्या लगेच ठीक आहे म्हणतात, त्यावरूनच कळतं की डोसची तशी गरज नव्हती.

दिवसभरासाठी सुभद्राबाई म्हणून बाई ठेवल्या आहेत. त्या उर्मिलाला पुसून घेतात, कूस बदलतात. उर्वीने रजा टाकलीय. तिघी सारख्या कुजबुजतात आणि मी खोलीत गेलो की गप्प होतात. माझ्याच घरात. काल दाराशी उभा राहून ऐकलं. उर्मिला सांगत होती, बाबांना चहा दुसऱ्यांदा हवा असतो पण ते मागत नाहीत, त्यांच्या गोळ्यांतली पांढरी सकाळची, आणि रात्री पायांना पातळ पांघरूण लागतं, उन्हाळ्यातसुद्धा. उर्वी मोबाइलवर टिपून घेत होती.

हे सगळं मला सांगितलं असतं तरी चाललं असतं. माझेच पाय आहेत.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, थोडी वाकडी. उर्मिलाने श्रीखंडाचं बोट चाटलं, तेवढंच. दुपारी तिने उर्वीकडून हिरवा शालू काढून घेतला आणि कपाटात वरच्या खणात, टोग्याच्या कापडाशेजारी ठेवायला लावला. मी म्हटलं, वा, एकोणीस तारखेला हा नेसणार वाटतं? माझ्या भाषणाला शोभेल. उर्वी उठून गॅलरीत गेली.

उर्मिला म्हणाली, हो, तुमच्या भाषणाला.

आता हात उचलला तर त्यातलं हाड दिसतं. उजेड चुकीच्या बाजूने येतो.

३ एप्रिल, गुरुवार

निश्चय. उद्या तिच्याशी बोलायचं. ती म्हणते तसं. सुभद्राबाई दुपारी जेवायला घरी जातात, उर्वी औषधं आणायला जाईल, तेव्हा आम्ही दोघंच असू. पहिलं वाक्य तयार करून पाहिलं. ‘उर्मिला, तू त्या दिवशी म्हणालीस त्याबद्दल’ इथपर्यंत चांगलं येतं. पुढचं ऐन वेळी सुचेल. मी उत्स्फूर्त बोलणाऱ्यांपैकी आहे.

४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी

आम्ही दोघंच. खुर्ची पलंगाला लावून बसलो. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, हात थोडा पुढे सरकवला. मी तो हातात घेतला. थंड होता, पंखा जोरात होता म्हणून कमी केला. बोलणारच होतो. पण एकदम तिथून सुरुवात करणं बरं दिसेना, म्हणून म्हटलं, आधी रोमन जलवाहिन्यांचं राहिलंय तेवढं संपवू, मग आपण बोलू. तिने मान हलवली. हलवली असं मला वाटतं.

वाचलं. पाणी डोंगरातून शहरापर्यंत कसं आणायचे, उतार किती जपून ठेवायचे, कमानींवर कमानी. सावकाश वाचलं. मध्ये बघितलं तर तिला झोप लागलेली. किती दिवसांनी अशी झोप. कण्हणं नाही, श्वासाची घरघर नाही, कपाळावरची आठीसुद्धा गेलेली. म्हणून थांबलो नाही, थांबलं की तिला जाग येते. शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

अजून झोपलीय. हात माझ्या हातात आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाईट. जिन्यात उर्वीच्या चपलांचा आवाज आला. तिला दारातच खूण करतो, आवाज करू नको म्हणून. उठली की बोलतो.

५ एप्रिल, शनिवार

काल संध्याकाळी चंदनवाडीला.

भटजी म्हणाले, कोरं पांढरं कापड लागेल, कोणीतरी पळा. उर्वी म्हणाली, आहे घरात. शोधावं लागलं नाही.

आज क्लास बुडाला.

१६ एप्रिल, बुधवार

तेरावं झालं. लोक येऊन गेले. फोटो घरात होता तोच लावला.

चहा दुसऱ्यांदा आपोआप आला. उर्वीने आणून ठेवला, मी पाहिलाच नाही असं दाखवलं. रात्री कुणीतरी पायांवर पांघरूण घालून गेलं.

ओमेगापर्यंत सगळी मुळाक्षरं आली आज. बिनचूक. म्हणून दाखवायला पलंगाकडे वळलो.

१९ एप्रिल, शनिवार

गेलो. उर्वी नको म्हणत होती. मी म्हटलं, नाव दिलंय, शब्द पाळायला हवा. टोगा नव्हता. साधा शर्ट.

मॅडम दारातच भेटल्या. काका, आज बोलायची काही गरज नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, माझी पूर्ण तयारी आहे. माझा नंबर पहिलाच होता. उभा राहिलो, कागद उघडले. ‘रोमन माणूस आणि मृत्यू’ एवढं वाचलं. पुढचं अक्षर दिसेना, चष्मा पुसला, तरी दिसेना. मग म्हटलं, रोमन लोक रस्ते फार सरळ बांधत. एवढंच बोलून जागेवर येऊन बसलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणाला कोणी वाजवणार नाही, एवढं मलाही कळतं.

शेजारच्या खुर्चीवर रुमाल होता. मीच टाकला होता, आल्या आल्या, सवयीने. जाहीर कार्यक्रम असल्यामुळे हॉल गच्च भरलेला, लोक दारापर्यंत उभे, आणि माझ्या बाजूची ही एकच खुर्ची रिकामी. वर्गातलं कोणी तिकडे बघतसुद्धा नव्हतं. दौलतराव आज वेळेवर आले होते. सरळ जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून. मला विचारलं नाही, कोण येतला काय म्हणून.

मध्येच एक वयस्कर बाई आत आल्या. बाहेरच्या, कुणाच्याही ओळखीच्या नसाव्यात. जिना चढून धाप लागलेली. वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि रुमालाकडे बोट दाखवून विचारलं, इथे कोणी येणार आहे का?

मी रुमालावर हात ठेवला. भिंतीकडून दौलतराव म्हणाले, “होय, ती जागा घेतलेली आसा. वहिनी येतत त्यांची.”

तीन महिने त्या खुर्चीसाठी माझ्याशी भांडलेला माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात, समोर मॅडमकडे बघत राहिले. बाई बरं म्हणून मागे वळल्या.

मी म्हटलं, “थांबा. कोणी येणार नाही. माझी बायको गेली, या चार तारखेला. तुम्ही बसा.”

मोठ्याने बोललो असणार, कारण पुढच्या दोन रांगांनी मागे वळून बघितलं. मी रुमाल उचलला. बाई बसल्या, पदराने वारा घेत. मग त्यांनी हळूच विचारलं, ग्रीसचं होऊन गेलं का हो? मी म्हटलं, हो, होऊन गेलं. आता रोमचंही संपत आलंय.